ओळ दोनशे तेरा

दर ओळीला साठ पैसे.
अक्षांश, रेखांश, आणि शेवटचा रकाना रिकामा: देश.
तो मी भरायचा.
ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत, धानाच्या पोत्यांच्या वासात,
लाईन असेल तोवर.

बहुतेक बिंदू गुणी असतात.
आकडे टाकले की पडतात आपापल्या देशात,
पहाटे मोहफूल पडावं तसे, आवाज न करता.
एखादा वाळवंटात निघतो, तेव्हा समजायचं
कोणीतरी आकडे उलटे लिहिले,
अगोदरचा मागे, मागचा अगोदर.
एखाद्याची उण्याची खूण हरवलेली असते
आणि मासळीचं बंदर डोंगरावर चढून बसतं.
हे सगळं दुरुस्त करता येतं.

दोनशे तेरावा पाण्यात पडला.
किनाऱ्यापासून तीनशेक मीटर आत.
नकाशा म्हणाला: कोणताही देश नाही.

मी जवळ गेले. आणखी जवळ.
समुद्र मी पाहिलेला नाही,
पण किनारा असा नसावा एवढं कळतं:
कात्रीने कापल्यासारख्या सरळ रेघा.
काढणाऱ्याने खाड्या गाळल्या होत्या,
वळणांची काटकसर केली होती.
म्हणजे बिंदू कदाचित कोरडाच,
ओला नकाशा.

डावीकडे एक देश, उजवीकडे दुसरा,
मधे कुठल्याशा नदीचं मुख.
दोन्हींची नावं मला नीट म्हणता येत नाहीत.

झिबल काका आला होता सोसायटीची वही बघायला,
मागच्या शिंगाड्याचे पैसे अडकलेत त्याचे.
पडद्याकडे बघत म्हणाला, "तिथं हाय काय?"
माहीत नाही. नुसते आकडे आहेत.
"मंग इचारून कोन रायलं?"
तेही माहीत नाही.

तो दारातच टेकला.
"आपल्या तलावाले दोन गावाच्या शिवा.
माशे निघाले त दोघायचा तलाव.
सुकरूचं मढं वर आलं तवा
दोन ठाण्याचे शिपाई दिवसभर पारीवर बसून होते,
दोरी घेऊन.
मोजत नवते.
हवा कोनीकडं लोटते, थे पाहत होते."

वही मिटून तो गेला.
मग मी एक उद्योग केला, ज्याचे पैसे नाहीत.
आमच्याच तलावाचे आकडे काढले,
गाळपेरीत काकूच्या काकड्या आहेत, तिथले.
वैशाख आहे. पाणी मधोमध जाऊन बसलंय,
म्हशीपुरतं.
काकू सकाळपासून वाकलेली, खिडकीतून दिसते,
डोक्यावर ओला दुपट्टा.
नकाशा म्हणाला: जलाशय.
चार दशांश दिले, म्हणजे अकरा मीटरची खात्री.
तरी जलाशय.
काकू पाण्याखाली खुरपत होती.

रकाना मोकळा सोडता येत नाही, लाल होतो.
नियम आहे: जवळचा किनारा निवडा.
डावा दोनशे नव्वद, उजवा तीनशे दहा.
वीस मीटर.
आमच्या शाळेचं अंगणसुद्धा याहून लांब,
आणि तिथे धावताना मी कधी देश बदलला नाही.
वारा कुठून होता, याचा रकाना नाही.

मी डावा लिहिला.
शेऱ्यात लिहिलं, पुन्हा बघावे,
हा किनारा भरतीचा आहे की ओहोटीचा?
शेरे कोणी वाचत नाही,
असं माझ्या अगोदरच्या पोरीने सांगून ठेवलंय.

दोनशे चौदावा सरळ जमिनीत पडला,
कोणाच्या तरी भर शेतात.
खाली काकूने पाटी डोक्यावर घेतली
आणि पाण्यातून चालत
घरी निघाली.